लॅपटॉप मिटू नकोस, चिमे

चिमे, परवा गणपतीत मावशी मोदकांचं ताट घेऊन तुझ्या खोलीत आली आणि तू लॅपटॉप असा धाडकन मिटलास, की मला वाटलं आता पडदाच फुटतोय. मावशीला वाटलं, अभ्यास सोडून पोरीचं काहीतरी भलतंच चाललंय. पण मला शेवटची झलक दिसली होती. बर्फ, आणि बर्फावर आडवे पडलेले दोन जण. 'युरी ऑन आइस', ती स्केटिंगची जपानी अॅनिमे, सातवा भाग. बरोबर ना?

मग रात्री गच्चीवर तू हळूच विचारलंस, "ताई, ती दोघं खरंच तशी आहेत, की मलाच तसं दिसतं? मैत्रिणी म्हणतात, तुझं डोकं फिरलंय." तेवढ्यात खाली आरतीच्या झांजा वाजायला लागल्या आणि उत्तर राहून गेलं. ते आज लिहून पाठवतेय. निवांत वाच.

डोकं बिलकुल फिरलेलं नाही. तो सातवा भागच बघ ना. बीजिंगमधली स्पर्धा आहे. युरी पहिल्या फेरीत चक्क पहिला आलाय आणि त्याच धास्तीने त्याच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. व्हिक्टर, त्याचा प्रशिक्षक, त्याला खाली पार्किंगमध्ये नेतो आणि नको तो उपाय करतो: हरलास तर मी प्रशिक्षकपद सोडतो, म्हणतो. युरी ढसाढसा रडायला लागतो. पाच वेळा जगज्जेता झालेला हा माणूस रडणाऱ्यापुढे इतका गांगरतो, की चुंबन घेऊ का, असंही विचारून बसतो. युरी ओरडतो, काही करू नकोस, काही बोलू नकोस, नुसता जवळ राहा. मग बर्फावर उतरतो आणि शेवटच्या उडीच्या जागी व्हिक्टरची खास उडी घेतो, चार गिरक्यांची फ्लिप. पडतो. पण संगीत थांबतं तेव्हा व्हिक्टर कठड्याकडे धावत आलेला असतो, झेप घेतो आणि नेमका त्याच क्षणी त्याचा हात दोघांच्या ओठांआड येतो.

त्या आड आलेल्या हातावर तुझ्या मैत्रिणींचं सगळं म्हणणं उभं आहे. "बघ, नुसती मिठी होती!" पण त्यांना सांग, पुढची दृश्यं बघा. बघणाऱ्यांचे आ वासलेले चेहरे दाखवलेत ते मिठीसाठी? खेळाडू एकमेकांना मिठ्या मारतच असतात, त्याला कोण आ वासतं? दिग्दर्शिका सायो यामामोतो आणि तिच्याबरोबर कथा रचणारी मित्सुरो कुबो, या दोघींनी हात मध्ये आणला, पण तो कशावर आणला हे तुला कळेल अशी सोय करून ठेवली. आपल्या जुन्या सिनेमात दोन फुलं एकमेकांवर झुकायची, तेव्हा आपली आजी काय फुलं बघत होती होय?

चौथ्या भागात समुद्रकिनाऱ्यावर व्हिक्टर सरळ विचारतोच की. मी तुझ्यासाठी कोण व्हायला हवं? वडील, भाऊ, मित्र, की प्रियकर? युरी म्हणतो, तू व्हिक्टरच राहा. मग दहावा भाग. बार्सिलोनात युरी दोन अंगठ्या घेतो, चर्चसमोर भजनमंडळ गातंय, तिथे दोघं एकमेकांच्या बोटात घालतात. युरीच्या मनात ती शुभशकुनाची, आभाराची वस्तू असते. रात्री जेवताना थायलंडचा फिचित अंगठ्या बघून सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं 'लग्नाबद्दल अभिनंदन' करतो, तेव्हा व्हिक्टर त्याची चूक सुधारतो: या साखरपुड्याच्या आहेत, लग्न युरीने सुवर्णपदक जिंकल्यावर. ही मालिका २०१६ ची. जपान आणि रशिया, दोघांच्याही देशात त्यांचं लग्न तेव्हा कायद्याने लागलं नसतं, आजही लागत नाही. स्पेनमध्ये मात्र २००५ पासून लागतं. बार्सिलोना मुद्दाम निवडलं का, कोण जाणे. पण मला ते प्रत्येक वेळी आठवतं.

तेव्हा युरी-व्हिक्टरबद्दल भांडायचं कारणच नाही. दाखवलेलं आहे, फक्त पदराआडून.

आता तुझं दुसरं वेड. व्हॉलीबॉलवालं 'हायक्यू'. इथे जरा सावकाश, कारण इथलं गणित वेगळं आहे.

कागेयामाची ती माध्यमिक शाळेतली मॅच आठवते ना? तो चेंडू उचलून देतो, मागे वळून बघतो, तर उडी मारायला कोणी नाही. चेंडू नुसता जमिनीवर पडतो. त्याच्या हुकूमशाहीला कंटाळलेल्या पोरांनी ठरवून पाठ फिरवलेली असते. 'कोर्टावरचा राजा' हे नाव कौतुकाचं वाटतं, पण असतो तो टोमणा. आणि मग कारासुनो शाळेच्या संघात तो हिनाता येतो, जेमतेम एकशे बासष्ट सेंटिमीटर उंचीचा, जो चेंडूकडे न बघता, चक्क डोळे मिटून, पूर्ण ताकदीने हात फिरवतो. चेंडू तळहातावर येऊन आदळतो, कारण कागेयामाने तो तिथेच आणून ठेवलेला असतो. ज्याच्यामागे कोणीच उरलं नव्हतं, त्याच्यामागे हा डोळे मिटून हजर. हे बघताना तुझ्या पोटात कालवाकालव होत नसेल, तर तूच तपासून घे स्वतःला!

पण चिमे, हारुइची फुरुदाते यांनी 'शोनेन जंप' साप्ताहिकात २०१२ ते २०२० अशी ४०२ प्रकरणं लिहिली, त्यात या दोघांचं प्रेमप्रकरण कुठेही नाही. शाळा संपल्यावर हिनाता ब्राझीलला जातो, रिओत दोन वर्षं वाळूवर व्हॉलीबॉल खेळतो आणि परत येऊन कागेयामासमोर जाळीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहतो. इतकी वर्षं, इतके देश ओलांडून फक्त याला हरवायला परत यायचं! लेखकाने त्याला खेळ म्हटलंय. तुला त्यात प्रेम दिसलं, तर ते तुझं वाचन. खोटं नाही ते. पण ते तुझं आहे, लेखकाचं नाही, आणि हा फरक मनात स्वच्छ असला, की कोणी 'पुरावा दे' म्हणून अंगावर आलं तरी राग येत नाही. हसून म्हणायचं, पुरावा नाही गं, मला असं आवडतं.

तिसरी जात 'फ्री'सारख्यांची. पोहणारी मुलं, क्योतो अॅनिमेशन, २०१३. मालिका यायच्या आधी स्टुडिओची पोहणाऱ्या पोरांची एक छोटी जाहिरात आली होती. तेवढ्यावर इंटरनेटवर जगभरच्या पोरींनी त्या पात्रांना नावंगावं, स्वभाव, भांडणं सगळं देऊन टाकलं. मालिकेचा पत्ता नाही आणि चाहते तयार. पहिल्या पर्वाच्या शेवटी त्यांच्यातला रिन खचून निघून जातो, हारुका त्याला शोधून आणतो आणि रिन परक्या संघाकडून रिले पोहतो. संघ बाद होतो, पण त्यांना त्याचं काही नाही. असल्या मालिका काठावर चालतात. इशारा भरपूर, कबुली शून्य, आणि पोस्टर, कीचेन, उशा यांची विक्री जोरात. याला इंग्रजीत 'क्वीअरबेटिंग' म्हणतात, आपल्याकडे गाजर दाखवणं म्हणतात. बघ तू, आवडलं तर डोळे पुसत बघ. फक्त खाऊच्या पैशातली तिसरी उशी घेताना हे आठव.

आणि हे काही आजचं खूळ नाही हं. तुझी आई फ्रॉकमध्ये होती तेव्हापासूनचं आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर 'कॅप्टन त्सुबासा' या फुटबॉलच्या कॉमिकने जपानी मुलींना असंच वेड लावलं. कथा पोरांच्या मासिकातली, पोरांसाठी. पण तोक्योच्या कॉमिक मार्केटमध्ये, म्हणजे १९७५ पासून भरणाऱ्या हौशी कलाकारांच्या जत्रेत, मुलींनी त्या फुटबॉलपटूंच्या जोड्या जमवून स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या पुस्तिकांचे ढीग लावले. या प्रकाराला नाव पडलं 'याओई'. यामा नाशी, ओची नाशी, इमी नाशी यांची आद्याक्षरं. ना कळस, ना शेवट, ना अर्थ! स्वतःच्याच लिखाणाची अशी टर उडवणाऱ्या बायका मला फार आवडतात. पुढे असल्या वाचकांना 'फुजोशी' म्हणायला लागले. उच्चार 'कुलीन स्त्री'चा, लिहायचं मात्र 'सडकी पोरगी'. तोही शब्द त्यांनी मजेत अंगाला लावून घेतला.

हे सगळं खेळाच्याच गोष्टीत का होतं, तू विचारशील. मला वाटतं, पोरांना एरवी जे करायला मनाई असते ते मैदानावर चालतं. रडणं चालतं. गळ्यात पडणं चालतं. तूच हवास मला, असं सगळ्यांदेखत ओरडणं चालतं, कारण पुढे 'संघात' हा शब्द असतो. शिवाय एक उडी मारायला तीन सेकंद लागत असतील, तर अॅनिमेत त्यात तीन मिनिटांचा विचार बसतो, आणि तो विचार बहुतेक वेळा समोरच्या माणसाचा असतो. प्रेमकथेत तरी दुसरं काय असतं?

आता मोठ्या बहिणीचा हक्क बजावते. कान इकडे कर.

जोड्या शोधायचा हा चष्मा पडद्यापुढे लाव, वर्गात काढून ठेव. तुमच्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममधली ती दोघं एकाच बाटलीतलं पाणी पितात म्हणून तुम्ही पोरींनी त्यांचं जोडनाव ठेवलंय ना? बंद करा ते. आपल्याकडे जत्रेत पोरं करंगळीत करंगळी अडकवून हिंडतात आणि त्याचा अर्थ बऱ्याचदा मैत्री एवढाच असतो. आणि समज, त्यातल्या एकाच्या मनात खरंच काही असलं, तर तुमच्या खिदळण्याने तो आणखी आत जाऊन बसेल. पात्रांचं काही जात नाही. त्या मुलाला उद्या पुन्हा त्याच वर्गात यायचं असतं. खऱ्या खेळाडूंच्या बाबतीतही हेच.

फॅनफिक वाचतेस ते मला ठाऊक आहे. वाच. वर वयाची पाटी असते, ती शोभेची नसते. अठरा लिहिलं असेल तिथे अजून दोन वर्षं थांब. आणि जिथे एक जण सारखा नको म्हणतोय आणि दुसरा ऐकत नाही, आणि लिहिणारी त्यालाच प्रेम म्हणतेय, ती गोष्ट वयात बसत असली तरी टाकून दे. युरीने 'नुसता जवळ राहा' म्हटल्यावर व्हिक्टर नुसता जवळ राहिला होता, हे विसरू नकोस.

आणि एक. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढ माणसांच्या संमतीच्या नात्याला गुन्हा म्हणणं थांबवलं. लग्नाला मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये नाहीच म्हटलं. म्हणजे ज्या अंगठ्यांवर तू किंचाळतेस, त्या कुणाच्या तरी खऱ्या आयुष्यात अडकून पडल्यात. दोन पुरुषांचं प्रेम बघायला गोड वाटतं तुला, छान आहे. उद्या ते शेजारी राहायला आलं, तरी तेवढंच गोड वाटलं पाहिजे.

आता माझी गोष्ट. कुणाला सांगितलेली नाही.

२०१६ च्या डिसेंबरात मी बावीस वर्षांची. सुट्टीला घरी आले होते, हॉलमध्ये दहावा भाग बघत होते. तीच अंगठ्यांची जागा. आई मेथीची जुडी आणि सुरी घेऊन शेजारी येऊन बसली. जपानी कळत नाही, चष्मा आतल्या खोलीत, म्हणजे खालच्या ओळीही वाचता येईनात. दोन मिनिटं गुपचूप बघितलं आणि पानं खुडता खुडता म्हणाली, "साखरपुडा आहे का गं दोघांचा?"

मी काय म्हणाले माहितेय? "काहीतरीच काय आई! मित्र आहेत ते." आणि आवाज कमी केला.

पुढच्या काही मिनिटांत व्हिक्टरने स्वतःच सांगितलं, साखरपुड्याच्या आहेत म्हणून. आईला ते वाचता आलं नाही आणि मी वाचून दाखवलं नाही. ती मेथी घेऊन उठून गेली. चिमे, तिला एक शब्द न कळता जे दिसलं, ते मला बाराही भाग पाठ होत आले तरी तोंडातून काढता आलं नाही. तिने कपाळाला आठी घातली नव्हती. साधं विचारलं होतं, शेजारच्या घरातलं कार्य विचारावं तसं. लाज सगळी माझ्याकडेच होती.

म्हणून म्हणते, मावशी आली की लॅपटॉप मिटू नकोस. काय चाललंय विचारलं तर खरं सांग. ती नाक मुरडेलही कदाचित. मुरडू दे.

दिवाळीला येतेच आहे. फराळ झाला की दहावा भाग लावू, तुझी आई, माझी आई, सगळ्यांना बसवू. मोठमोठ्याने वाचून दाखवायचं काम माझं, ते माझ्यावर बाकी आहे. तू फक्त एक कर. शेवटी नावं यायला लागली की दोघी कामाला उठतील, त्यांना उठू देऊ नकोस. सोचीच्या मेजवानीत दारू चढलेल्या युरीने कुणाच्या गळ्यात पडून काय मागितलं होतं, ते त्या नावांबरोबरच कळतं.

तुझी,
ताई