पेरलंय का, तेवढं बघ

मने, "ताई, मी मॅव्हरिक्सला सोडलं तर बेइमान ठरेन का?" असं विचारलंस तू. घरात हे कुणाला विचारणार म्हणा! आई म्हणेल, "काऊन तोंड फुगवून बसली वं? अमेरिकेतल्या पोरांचं आपल्याले काय?" पण मला कळतं. चिखलीत सकाळी सहा-सातला, क्लासला जायच्या आधी, कानात हेडफोन घालून ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लावलास, ती पोरं तुला परकी कशी वाटतील?

तुझा राग खरा आहे, हे आधी सांगते. जून २०२४ मध्ये लुका डॉन्चिचनं तुझ्या डल्लास मॅव्हरिक्सला एनबीए बास्केटबॉलच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं. पुढच्या फेब्रुवारीत जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी त्याच पंचविशीतल्या पोराला लेकर्सच्या हवाली केलं. बदल्यात आलेला अँथनी डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी झाला. एप्रिलमध्ये लुका पाहुण्या संघातून डल्लासला आला, बाकावर बसून रडला आणि मग ४५ गुण करून गेला. हे बघूनही ज्याचं काही हललं नाही, त्यानं खेळ बघूच नये.

पण मने, संघ हरला म्हणून राग येणं आणि संघ चालवणाऱ्यांचा राग येणं, यांची गल्लत करू नकोस.

तुझ्या वयाची होते तेव्हा माझा जीव पुणे वॉरियर्सवर होता. सहारानं २०१० मध्ये सतराशे कोटींच्या घरात रक्कम मोजून तो संघ घेतला. आयपीएलमध्ये तोवर एवढी बोली कुणी लावली नव्हती. युवराज होता, दुसऱ्या वर्षी सौरव गांगुली कर्णधार होता. आणि हाती काय? तीन हंगाम, दर हंगामात चार विजय. तिसऱ्या वर्षी तर हंगामाच्या मध्येच कर्णधार बदलला. पुढे बँक हमीवरून बीसीसीआयशी बिनसलं आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये संघच रद्द झाला. गहुंज्याचं नवंकोरं मैदान तेवढं मागे राहिलं. सोडायचं की धरून ठेवायचं, हे ठरवायची वेळसुद्धा आमच्यावर आली नाही.

उलट आपला विदर्भ बघ. १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं अंतिम फेरीचं तोंड पाहिलं नाही. तरी बाबा पेपरात आधी विदर्भाचा धावफलक शोधायचे. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून करंडक आला. त्या सामन्यातली गुरबानीची हॅटट्रिक आठवते सगळ्यांना, पण त्याआधी अकादमीत पोरं घडत होती, मुंबईहून चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक आणला होता, जाफरसारखा जाणता फलंदाज सोबतीला होता. म्हणून तर २०१९ मध्ये पुन्हा जिंकलो आणि २०२५ मध्ये तिसऱ्यांदा. त्या हंगामात हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम!

आपल्याकडे पीक बुडालं म्हणून शेतकऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, पाऊस त्याच्या हातात नसतो. पण मृग सरला तरी रान पडीकच असेल, तर बोल लागतोच. संघाचंही तेवढंच बघ. हरत असतील, पण पेरत असतील तर थांब. विदर्भासाठी थांबणारे वेडे नव्हते.

डल्लासचं म्हणशील, तर नवे खेळाडू निवडायचा क्रम ठरवणाऱ्या मे २०२५ च्या लॉटरीत जेमतेम १.८ टक्के शक्यता असताना पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅगसारखा नवा पोरगा मिळाला. ते नशीब झालं, कारभार नव्हे. नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांना काढलं, ते मात्र आपोआप झालं नाही. प्रेक्षक महिनोन् महिने स्टेडियममध्ये 'फायर निको' ओरडत होते. ते लोक बेइमान होते का गं? त्यांच्याइतकं कुणाला लागलं होतं?

म्हणून माझं ऐकशील तर असं कर. या वर्षी जर्सी घेऊ नकोस, सबस्क्रिप्शनचे पैसे भरू नकोस. मालकाला चाहत्याचे अश्रू दिसत नाहीत, गल्ला दिसतो. लुकासाठी लेकर्सचा सामना बघावासा वाटला तर खुशाल बघ, माणसावर जीव जडतो, बोधचिन्हावर नाही. फ्लॅग कसा घडतोय, त्याच्याभोवती ते कोणती पोरं उभी करतायत, यावर नजर ठेव. मैत्रिणी चिडवतील, "हरल्यावर पळाली." चिडवू देत. तू हरल्यावर पळाली नाहीस, पाच महिने रोज सकाळी उठून हरताना बघितलंस.

आणि बारावीचं वर्ष आहे, बाई. हा सगळा हिशेब परीक्षेनंतर केलास तरी डल्लास काही पळून जात नाही. तोवर एकच अट: सामना हरला म्हणून आईवर डाफरायचं नाही. तिनं काही लुकाला विकलेलं नाही.