आधी विष, मग अमृत: वजनकाट्यावरचे पहिले तीन आठवडे



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३६ आणि ३७.

कालपर्यंत आपण बुद्धी आणि धृती यांचे तीन-तीन प्रकार बघत होतो. आजपासून सुखाचे तीन प्रकार सुरू होतात. पहिलं सात्त्विक सुख. त्याची ओळख भगवंत फार विचित्र सांगतात. हे सुख सुरुवातीला विषासारखं लागतं आणि परिणामी अमृतासारखं होतं. म्हणजे सुखाची खूण काय, तर आधी ते सुख वाटतच नाही!

बहुतेक वेळा आपण ३७वा श्लोक वाचतो आणि ३६वा घाईत ओलांडतो. पण त्यात एक शब्द आहे: अभ्यास. या सुखात माणूस रमतो तो अभ्यासाने. बघताक्षणी, चाखताक्षणी नाही. पुन्हा पुन्हा करून, अंगवळणी पाडून. आद्य शंकराचार्य भाष्यात या विषाचा अर्थ सरळ सांगतात: ज्ञान, वैराग्य, ध्यान, समाधी यांच्या आरंभी अतिशय कष्ट असतात, म्हणून ते विषासारखं.

आता कबूल करते. हा श्लोक जिमबद्दल नाही. इथे बोलणं चाललंय ते आत्मबुद्धीच्या प्रसन्नतेबद्दल, आणि तिला वजन कमी करण्याच्या पातळीवर आणून ठेवणं म्हणजे समईवर पापड भाजण्यासारखं आहे. तरीही आज मी तेच करणार आहे, कारण मला हा श्लोक कळला तो देवघरात नाही, बाथरूमबाहेरच्या वजनकाट्यावर.

ज्येष्ठ संपता संपता माझा रक्ताचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी ६.१. ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांच्यासाठी: साधारण मागच्या तीन महिन्यांतली साखरेची सरासरी त्यातून कळते. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, आणि मधला पट्टा म्हणजे उंबरठा. माझ्या आईला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या पायांची बोटं रोज रात्री तपासायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे ६.१ बघून मला जे वाटलं ते लिहून सांगायची गरज नाही.

मैत्रिणीला घेऊन मी त्याच आठवड्यात घराजवळच्या जिममध्ये नाव घातलं. आठवड्यातून चार दिवस, वजनं उचलणं आणि थोडं चालणं. पहिल्या सकाळी वजन ६७.२ किलो. अकराव्या दिवशी ६८.९.

एक किलो सातशे ग्रॅम जास्त! आणि घाम गाळून, पहाटे साडेपाचला उठून, पायऱ्या उतरताना कठड्याला धरून! मी काट्याची बॅटरी बदलून बघितली. काटा दुसऱ्या फरशीवर ठेवून बघितला. (हसू नका, तुम्हीही केलं असेल.)

आदल्याच दिवशी आषाढी एकादशी होती, त्यामुळे पहिला संशय साबुदाण्याच्या खिचडीवर. आमच्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आचरणात आणली जाते, हे खरंच आहे. पण हिशेब करून बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १.७ किलो चरबी चढायची तर तेरा हजारांच्या वर कॅलरी जास्तीच्या जायला हव्यात, म्हणजे अकरा दिवस रोज जवळपास १,२००. नेहमीच्या जेवणावर रोज चार वडापाव! तेवढं मी खाल्लं असतं तर मला आठवलं असतं.

मग हे वजन कसलं? बहुतेक पाण्याचं. व्यायामाची सवय नसलेल्या स्नायूंवर अचानक ताण आला की त्यांत बारीक इजा होते, ती भरून काढायला शरीर तिथे पाणी आणि पेशी पाठवतं. सूज येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसता-उठता जे 'आई गं' निघतं ते तेच. शिवाय स्नायू पुढच्या कामासाठी साखरेचा साठा करायला शिकतात. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. २०० ग्रॅम साठा वाढला तर काट्यावर ८०० ग्रॅम दिसणार. रक्तातला पाण्याचा भागही पहिल्या काही दिवसांतच वाढतो. त्यात खिचडीतलं, पापडातलं, चिवड्यातलं मीठ. आणि बायकांना पाळीच्या आधीचे दिवस वेगळे सांगायला नकोत. कोणी क्रिएटिन सुरू केलं असेल तर पहिल्या आठवड्यातच एखाद-दोन किलो पाणी त्याचंच.

जिममधला मुलगा म्हणाला, "ताई, टेन्शन नको, ते मसल आहे." मला बरं वाटलं, पण ते खरं नव्हतं. अकरा दिवसांत दीड किलो स्नायू कोणाचेच वाढत नाहीत. खोट्या दिलाशाची एक अडचण असते. पुढच्या आठवड्यात तेच पाणी उतरतं, काटा खाली येतो, आणि आपण घाबरतो की अरे, मसल गेले!

हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मी काय केलं ते सांगते, कारण आजच्या श्लोकाचा माझ्यापुरता अर्थ तिथे आहे.

मी चातुर्मासाचा नेम धरला. रात्रीचं जेवण बंद. एकभुक्त राहायचं. आईला सांगितलं, "या वर्षी पांडुरंगासाठी करतेय." आई खूश. मला स्वतःलाही क्षणभर खरंच वाटलं की पांडुरंगासाठी करतेय.

चार दिवसांत काटा १.९ किलोने उतरला. ६७.०. काय आनंद झाला म्हणून सांगू! सकाळी काट्यावरून उतरताना अक्षरशः 'विठ्ठल विठ्ठल' म्हणाले. आता कळतं की ते काय होतं: न जेवल्यामुळे स्नायूंतला साठा संपला आणि त्याने धरलेलं पाणी गेलं. सूजही ओसरत आली असेल. चरबी बहुतेक होती तिथेच. पाचव्या दिवशी वजन खांद्यावर घेऊन बैठक मारताना डोळ्यांपुढे अंधारी आली, मी खाली बसले ती पंधरा मिनिटं उठले नाही. मैत्रिणीने लिंबू-सरबत आणून दिलं. त्याच आठवड्यात तिचाही काटा वाढलेला होता. तिने माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

घरी आल्यावर आईला खरं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अगं, माझी साखर सकाळी एक असते, दुपारी एक. शेवग्याची आमटी खाल्ली तरी वेगळी. एका आकड्यावर डॉक्टर कधी गोळी बदलतात का? ते तीन महिन्यांचा रिपोर्ट मागतात. तू अकरा दिवसांत देवाला मध्ये घेतलंस."

'देवाला मध्ये घेतलंस.' हे वाक्य अजून टोचतं.

एकभुक्त व्रत खोटं आहे असं मी म्हणत नाही. माझी आजी चाळीस वर्षं चातुर्मास पाळत होती आणि तिने एकदाही काट्यावर पाय ठेवला नाही. खोटं होतं ते माझं नाव बदलणं. मला घाबरून उपाशी राहायचं होतं, आणि घाबरून उपाशी राहण्याला 'नेम' म्हटलं की कोणी प्रश्न विचारत नाही. आपल्या पिढीत हे फार चालतं. एकादशी आणि 'फास्टिंग विंडो' एकाच ॲपमध्ये असतात! सतराव्या अध्यायात पाचव्या-सहाव्या श्लोकात भगवंत अशा तपाबद्दल कठोर बोलतात. दंभ आणि अहंकाराने शरीराला छळणारे शरीरात असलेल्या मलाच छळतात, असा त्याचा भाव. आणि सहाव्या अध्यायातला सोळावा श्लोक तर सगळ्यांना अर्धाच आठवतो. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, हे आपण इतरांना सांगतो. अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे त्याच श्लोकात आहे.

आता ३७ आणि ३८ शेजारी शेजारी ठेवून बघा. ३८व्यात राजस सुख आहे: आधी अमृत, परिणामी विष. चार दिवसांत १.९ किलो उतरल्याचं सुख कोणतं होतं? आणि अकराव्या दिवशीचं ६८.९ हे दुःख कोणतं होतं? मी दोघांची नावं उलटी लावली होती. शरीर दुरुस्तीला लागलं होतं त्याला मी अपयश म्हटलं, आणि साठा रिकामा होत होता त्याला पांडुरंगाची कृपा.

खरी गंमत अशी की त्या अकरा दिवसांत फळ मिळतही होतं, फक्त काट्याला ते दिसत नव्हतं. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, आणि व्यायाम संपल्यावरही साधारण एखाद-दोन दिवस इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. म्हणजे ज्या कारणासाठी मी जिमला गेले होते ते काम पहिल्या दिवसापासून सुरू झालं होतं! दुसऱ्या अध्यायात चाळिसाव्या श्लोकात म्हटलंय की या मार्गावर सुरुवात केलेलं वाया जात नाही. मी तो श्लोक पाठ म्हणते. पण काट्यावर उभी राहिले की पाठांतर कुठे जातं कोण जाणे.

मग पुढे काय केलं? रात्रीचं जेवण परत सुरू केलं: भाकरी, भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ. वजनं थोडी कमी केली, कारण पहिल्याच आठवड्यात मी हौसेने जास्त उचलत होते. काटा आईच्या कपाटात. रविवारी सकाळी, उठून शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकदाच. आणि महिन्यातल्या चार रविवारांची सरासरी, एकटा आकडा नाही. शिवणाच्या डब्यातली टेप काढून बेंबीच्या रेषेत कंबर मोजली: ९१ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या आत असावी म्हणतात, पुरुषांसाठी ९०. साखरेच्या दृष्टीने हा आकडा वजनापेक्षा जास्त बोलका आहे.

एक गोष्ट मात्र श्लोकाच्या आधाराने सहन करू नका. पावलांवर बोट दाबलं की खळगा राहतो, चालताना धाप लागते, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने चढतं, किंवा व्यायामानंतर असह्य दुखून लघवी चहासारखी गडद होते, तर हे 'सुरुवातीचं विष' नाही. त्याच दिवशी डॉक्टर. आणि महिना-दीड महिना झाला तरी सरासरी वाढतच असेल तर पाण्याला दोष देऊ नका. व्यायामानंतरची भूक आणि 'आज तर कमावलंय' म्हणून खाल्लेलं बघा. अर्धा तास भरभर चालून जेवढं जळतं त्याच्या दुप्पट एका वडापावात असतं. तेही जमत नसेल तर थायरॉइड आणि चालू गोळ्यांबद्दल विचारून घ्या.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वजन ६७.८ होतं. दीड महिन्याने ६७.१. म्हणजे काट्याला विचारलं तर दीड महिन्यात शंभर ग्रॅम. कंबर ८७. तीन महिन्यांनी, कोजागिरीच्या आसपास, रिपोर्ट आला: ५.८. उंबरठ्यावरच आहे अजून, पण आतल्या बाजूला सरकलेय. आईने रिपोर्ट देवापुढे ठेवला आणि मला म्हणाली, "आता याच्यावरही नाचू नकोस."

मैत्रिणीला मी दोनदा फोन केला. ती म्हणते, "मला नाही सूट होत व्यायाम, माझं वजन वाढतं." तिचं वाढलं होतं ९०० ग्रॅम. दहा दिवसांत. मी त्या वेळी तिच्यासमोर चक्कर येऊन पडले नसते, तिला हा पाण्याचा हिशेब सांगू शकले असते, तर काय झालं असतं माहीत नाही. तिच्या वडिलांनाही मधुमेह आहे. आजचं लिहिलेलं तिला पाठवणार आहे. या रविवारी सकाळी तिच्याकडे जाऊन नुसतं तळ्याभोवती चालायला ये म्हणणार आहे, काट्याशिवाय.

तुमच्यापैकी कोणी सध्या त्या पहिल्या तीन आठवड्यांत असाल तर आज एवढंच करा: ३६ आणि ३७ सावकाश म्हणा, 'अभ्यास' या शब्दावर थोडं थांबा, आणि रात्री नीट जेवा.

उद्या श्लोक ३८. राजस सुख. मोबाइल बाजूला ठेवून वाचायचा आहे, का ते उद्या कळेल.

राम कृष्ण हरी 🙏