तानसेन समारोह: मांडवात फुकट, मग पैसे कुठे लागतात?

ग्वाल्हेरचा तानसेन समारोह ऐकायला तिकीट लागत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे पटकन खरे वाटत नाही, कारण थंडीतले गाणे म्हणजे तिकीट हे आपल्या अंगवळणी पडले आहे. हा समारोह मात्र मध्य प्रदेश सरकारचा. हजिऱ्याला, तानसेनांच्या समाधीपाशी मांडव पडतो आणि ज्याला ऐकायचे त्याने येऊन बसावे, अशी तिथली रीत आहे. शिंद्यांच्या संस्थानात उरूस म्हणून सुरू झालेल्या या समारोहाचे २०२४ हे शंभरावे वर्ष होते. प्रवेश असा फुकट असताना ‘पास मिळवून देतो’ असे कुणी म्हणाले, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

पैसे लागतात ते जाण्या-येण्याला, राहण्याला आणि ऊब मिळवायला. खालचे आकडे अंदाजाचे आहेत; बुकिंग करताना ताजे दर पाहून घ्या.

समारोह डिसेंबरच्या उत्तरार्धात असतो. २०२४ मध्ये तो १५ ते १९ डिसेंबरला झाला. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यालाच तारखांवर नजर ठेवायला हवी. कलाकारांची यादी येईपर्यंत थांबलात, तर वेटिंग लिस्टच हाती येते. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेस, या तिन्ही गाड्या ग्वाल्हेरला थांबतात. एका माणसाचे एका बाजूचे भाडे स्लीपरला सहाशेच्या आसपास, थ्री एसीला पंधरा-सोळाशे रुपये.

आता किती दिवस राहायचे? पहिल्या दिवशी सकाळी समाधीपाशी शहनाई वाजते, ढोलीबुवांच्या मठाच्या परंपरेतली हरिकथा होते, मिलाद होतो, चादर चढते. नाथपंथी मराठी मठाची हरिकथा आणि मिलाद एकाच अंगणात, एकाच सकाळी ऐकायला मिळतात. माझ्या मते हीच सकाळ सगळ्यांत मोलाची, आणि नेमके तेव्हाच बाहेरगावचे लोक हॉटेलात झोपलेले असतात. शेवटच्या दिवशी सकाळची सभा बेहटला, तानसेनांच्या गावी, झिलमिल नदीच्या काठी होते आणि समारोप गुजरी महालाच्या आवारात. बेहट शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर. गाडी दिवसभरासाठी करावी लागते. दोन-अडीच हजार धरा आणि तिथे थांबायचे पैसे त्यात आहेत का, हे निघण्याआधीच विचारा. चौघे मिळून गेलात तर हा खर्च जाणवत नाही.

रजा कमी असेल, तर सुरुवात किंवा शेवट यांतले एकच पदरात पडते. दोघांचा चार रात्रींचा हिशेब असा: थ्री एसीने जाऊन-येऊन ६,२०० रुपये, रोज दोन हजारांची साधी स्वच्छ खोली धरली तर ८,०००, पाच दिवसांचे खाणे ४,०००, बेहटसह रिक्षा-गाडी ४,५००, किल्ला-संग्रहालये १,०००. एकूण २३,७००. स्लीपरने गेलात तर ३,८०० वाचतात. ते वाचवा आणि त्यात आणखी एक रात्र राहा. हरिकथा आणि बेहट दोन्ही साधायचे, तर सहा रात्री हव्यात आणि खोली-खाण्याचेच ५,६०० वाढतात.

खोली घेताना नुसते भाडे पाहू नका. रात्रीची सभा उशिरापर्यंत चालते आणि त्या वेळी हजिऱ्याहून लष्कर भागात परतायला रिक्षावाला दिवसाच्या दुप्पट मागू शकतो. रोजचे दीडशे-दोनशे असे गेले, तर लांबची स्वस्त खोली महागच पडते. गरम पाणी किती वाजेपर्यंत येते, जादा रजई मिळेल का, हेही फोनवरच विचारून घ्या. डिसेंबरात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि मांडवाला भिंती नसतात. घरून जाड घोंगडी, कानटोपी आणि लोकरी मोजे न्या; तिथे ऐन वेळी विकत घेतलेली शाल पुरत नाही.

दुपार मोकळी असते, ती किल्ल्याला द्या. हजिऱ्याच्या बाजूनेच ग्वाल्हेर दरवाजातून पायी चढता येते. मानसिंह तोमराने बांधलेल्या मानमंदिराचे तिकीट भारतीयांना २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. आत जाण्याआधी बाहेरच्या भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहा: निळ्या चकाकत्या फरशांच्या पट्टीत पिवळ्या बदकांची रांग, हत्ती, मगरी, केळीची झाडे. पाचशे वर्षांनंतरही तो निळा रंग उन्हात ओला वाटतो. चढावरच्या चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे; त्यात २७० हा आकडा शून्यासकट कोरलेला आहे. तिथे दहा मिनिटे थांबाच. जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयाला मात्र माणशी अडीच-तीनशे मोजावे लागतात, आणि बुधवारी ते बंद असते.

परतीचे तिकीट समारोप झाला त्याच रात्रीचे काढू नका. धुक्याच्या दिवसांत दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. दुसऱ्या दिवशीचे काढा, खोली सोडायची वेळ वाढवून मिळते का ते आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा, आणि मुरैन्याची गजक घ्यायची तर ती सकाळीच घेऊन पिशवीत वर ठेवा. खाली दबली तर तिचा चुरा होतो.