हाताखाली कुणी नसताना नेतृत्व : शैक्षणिक सल्लागारांच्या संघटनेचा अभ्यास

नेतृत्व म्हटलं की आपल्याला सेनापती, पुढारी नाहीतर क्रिकेटचा कप्तान आठवतो. या लेखात आपण वेगळ्या नेतृत्वाचा विचार करणार आहोत. इथे सगळे सभासद स्वेच्छेने आलेले असतात. त्यांचा पगार, बढती, बदली यांपैकी काहीच अध्यक्षाच्या हातात नसतं. मग अध्यक्ष नेमकं करतो काय?

सल्लागार कोण?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत कोणते विषय घ्यायचे, हे विद्यार्थ्याला बरंचसं स्वतःच ठरवावं लागतं. निवड चुकली तर वेळ आणि पैसा दोन्ही जातं. कधी शिक्षणच अर्धवट सुटतं. म्हणून तिथे शैक्षणिक सल्लागार असतात. कुठे प्राध्यापकच हे काम सांभाळतात, तर कुठे त्यासाठी पूर्णवेळ माणसं नेमलेली असतात.

१९७२ साली टेरी ओ'बॅनियन यांनी या कामाच्या पाच पायऱ्या मांडल्या : आधी आयुष्याची उद्दिष्टं, मग व्यवसाय, मग अभ्यासक्रम, मग विषय आणि सगळ्यात शेवटी वेळापत्रक. त्याच वर्षी बर्न्स क्रुकस्टन यांनी सल्ला देणं म्हणजेसुद्धा शिकवणंच, अशी भूमिका घेतली. विद्यार्थी मात्र बहुधा शेवटच्या पायरीचाच प्रश्न घेऊन येतो : "सर, मंगळवारचा तास बदलून मिळेल का?" त्याला हळूच पहिल्या पायरीवर नेणं, हेच सल्लागाराचं खरं कसब.

संघटना कशी उभी राहिली?

१९७७ साली व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन इथे या विषयावरची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. आपापल्या कॉलेजात एकेकटे काम करणारे लोक तिथे एकत्र आले. त्यातूनच १९७९ साली 'नॅकाडा' ही संघटना स्थापन झाली आणि टोनी ट्रॉम्बली पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९८१ पासून संघटनेचं संशोधन-नियतकालिक निघू लागलं. १९९० पासून तिचं कार्यालय कॅन्सस स्टेट विद्यापीठात आहे.

नेत्याची तीन कामं

पहिलं काम म्हणजे कामाला नाव आणि मोजमाप देणं. सल्लागाराला कुणी शिक्षक म्हणत नाही, कुणी कारकून समजतं. २०१७ साली 'नॅकाडा'ने या कामाला लागणाऱ्या क्षमता तीन गटांत मांडल्या : संकल्पना, माहिती आणि नातेसंबंध. नियम पाठ आहेत पण विद्यार्थ्याचं ऐकून घेता येत नाही, असा सल्लागार अपुराच. उलट प्रेमळ आहे पण नियमच ठाऊक नाहीत, तर विद्यार्थ्याचं नुकसान ठरलेलंच!

दुसरं काम म्हणजे वेगवेगळ्या लोकांना एकत्र ठेवणं. प्राध्यापकांच्या अडचणी वेगळ्या, पूर्णवेळ सल्लागारांच्या वेगळ्या. हुकूम सोडता येत नसल्यामुळे ऐकून घ्यावं लागतं, पटवून द्यावं लागतं.

तिसरं काम म्हणजे नीट सोपवून जाणं. इथलं अध्यक्षपद एका वर्षाचं असतं, कार्यालय मात्र कायम असतं. त्यामुळे अध्यक्षाने सुरू केलेलं काम कार्यालयाने आणि पुढच्या अध्यक्षाने उचललं, तरच ते टिकतं. माझ्या कारकिर्दीत काय झालं, यापेक्षा माझ्यानंतर काय चालू राहिलं, हीच खरी परीक्षा.

आपल्यासाठी काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आपल्याकडेही मुख्य विषय, गौण विषय, क्रेडिट, मध्येच थांबून पुन्हा प्रवेश असे पर्याय आले. पर्याय वाढले की सल्ल्याची गरजही वाढते. पण आपल्याकडे हे काम बहुधा तास, पेपर तपासणी सांभाळून शिक्षकच करतात. त्यांनी एकमेकांशी बोलावं, अनुभव लिहून ठेवावेत, इथूनच संघटनेची सुरुवात होते. बर्लिंग्टनलाही तेच झालं होतं.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुम्ही विषय निवडलात तेव्हा वरच्या पाच पायऱ्यांपैकी कुठून सुरुवात केलीत?

२. आपल्या मंडळाचे पदाधिकारी बदलतात तेव्हा नव्यांच्या हाती काय सोपवलं जायला हवं? यादी करा.