‘स्तोम’ शब्दाचा अर्थविचार

बोरी नदीकाठच्या अमळनेर नगरीत १९५२ साली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’चे कर्ते कृ. पां. कुलकर्णी होते. शब्दाचे मूळ पाहिले म्हणजे त्यामागील विचार उलगडतो. साधकाने ही दृष्टी धर्मविचारातही ठेवावी. त्या दृष्टीने ‘स्तोम’ हा शब्द मननीय आहे.

‘स्तु’ म्हणजे स्तविणे, या धातूपासून ‘स्तोम’ शब्द सिद्ध होतो. वेदकाळी त्याचा अर्थ स्तुती असा होता. सामगायनात त्रिवृत्, पंचदश, सप्तदश, एकविंश असे स्तोम सांगितले आहेत. त्यांची संख्या अनुक्रमे ९, १५, १७ व २१ अशी ठरलेली असे. पुढे समूह, रास हा अर्थही रूढ झाला. मराठीत मात्र जणू स्तुतीचीच रास झाली आणि अवाजवी महत्त्व, पोकळ अवडंबर असा निंदाव्यंजक अर्थ आला. जो शब्द मोजलेल्या स्तुतीचा वाचक होता, तोच माप सुटलेल्या स्तुतीचा वाचक झाला.

याचा उपयोगही पाहण्याजोगा आहे. शेतात तण माजते, तसे स्तोम माजते. कर्मकांडाचे स्तोम, सोवळ्याओवळ्याचे स्तोम, देवदेवतांचे स्तोम असे लोक म्हणतात. ‘परमेश्वराचे स्तोम’ असे सहसा कोणी म्हणत नाही. परमेश्वर अनंत असल्याने त्याची स्तुती कितीही केली तरी ती अधिक होत नाही. म्हणून स्तोमाचा दोष पूजेच्या बहुलतेत नसून तिच्या अस्थानी असण्यात आहे. गीतेच्या सातव्या अध्यायातही देवताभक्तीचे फळ नाशवंत म्हटले आहे. सूत्रपाठातील ‘अन्यव्यावृत्ति’ प्रकरणाचे मनन करणाऱ्यास हे वेगळे सांगणे नको.

येथे शंका अशी की, महानुभाव स्थानास व प्रसादास वंदन करतात, ते स्तोम नव्हे काय? समाधान असे की, तेथे वंदन दगडास वा वस्त्रास नसून परमेश्वराच्या संबंधास आहे. ओट्यापुढे दंडवत घालताना लीळेचे स्मरण झाले, तर ती भक्ती होय. स्मरण सुटले आणि ओट्यालाच नवस बोलला, तर वंदन तेच राहूनही स्तोम झाले.

दुसरा प्रकार व्यक्तिस्तोमाचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला की, धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणात विभूतिपूजा अधोगतीकडेच नेते. धर्ममार्गातही हा धोका टळत नाही. महंत हे ज्ञान सांगणारे आहेत, ज्ञानाचा विषय नव्हेत. उपदेशी गुरूचा जयजयकार करतो आणि निरूपणाच्या वेळी उठून जातो, तेव्हा आदर कोठे गेला हे त्याने स्वतःस विचारावे. भिक्षुकानेही आपल्या हारतुऱ्यांकडे पाहून हाच प्रश्न स्वतःस करावा. वासनिकाहून त्याचे दायित्व अधिक आहे.

सारांश, ज्या पूजेने परमेश्वराचे स्मरण वाढते ती भक्ती. जी पूजा स्मरणाची जागा बळकाविते ते स्तोम. ही कसोटी प्रथम स्वतःच्या आचारास लावावी, मग इतरांच्या.