कुत्रं खाईना, तर काय करावं?

आमच्या पारनेर तालुक्यात दारात कुत्रं नाही असं घर थोडं. वस्तीवर राहणाऱ्याला कुत्रं लागतं. मेंढरं राखणाऱ्याला तर लागतंच लागतं. रात्री लांडगा वाड्याजवळ आला, की माणसाच्या आधी कुत्र्याला कळतं.

असं राखणीचं कुत्रं एक दिवस भाकरीला तोंड लावत नाही. आपण म्हणतो, नसंल भूक. दुसऱ्या दिवशीही ते खात नाही. मग घरात ज्याला जे सुचेल ते तो त्याच्या तोंडात कोंबतो. हे कोंबणं का चुकतं, आणि आजारी कुत्र्याला कलाकलानं कसं खाऊ घालावं, ते आज आपण पाहू.

गेल्या भादव्यातली गोष्ट. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मेंढपाळांचं एक घर आहे. दिवाळी झाली, की ही मंडळी मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात. पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. त्या घरच्या आजी सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"गुरुजी, मोत्या खाईना. तीन रोज झाले."

"काय काय दिलंत त्याला?"

"काय नाही दिलं ते इचारा. भाकरी दिली. दूध दिलं. काल कोंबडी कापली, झणझणीत कालवण केलं. हुंगलं अन् तोंड फिरवून बसलं. सुनेनं डोकं दुखायची गोळी कुस्करून दुधात घातली. ते बी शिवलं नाही. शेवटाला नातवानं जबडा उघडला अन् भाकरी आत सारली."

हे शेवटचं ऐकलं आणि आम्ही उठलोच. एक टेम्पो गाठला. मोत्याला दोरी बांधून, आजी आणि नातू यांना बरोबर घेऊन तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर बाहेर आले, पण कुत्र्याला त्यांनी लगेच हात लावला नाही. चार हात लांब उभे राहून ते विचारत होते. कुत्रं पाणी पितं का? आवाज बदललाय का? लाळ गळते का? जबडा लोंबतो का? चालताना झोकांड्या जातात का? घरची माणसं ओळखतं का? उगाच कुणाच्या अंगावर गेलं का? आणि मग, "याच्या तोंडात कुणी हात घातला होता का?"

नातवानं हात पुढे केला. बोटावर दाताचा ओरखडा होता. लहानसा, पण रक्त आलेलं होतं.

मंडळी, इथे थोडं थांबू. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे धावून चावणारं कुत्रं उभं राहतं. पण प्रत्येक पिसाळलेलं कुत्रं तसं नसतं. काही कुत्री गप्प कोपऱ्यात बसतात. त्यांच्या घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात. त्यांना गिळता येत नाही. तोंड उघडं राहतं, लाळ गळते. पाहणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याच्या घशात हाड अडकलं. तो दयेपोटी तोंडात हात घालतो. त्या लाळेतच रेबीजचं विष असतं. हाताला जरा खरचटलेलं असलं तरी ते अंगात शिरतं. हा रोग एकदा माणसात उमटला, की माणूस जवळजवळ वाचतच नाही. म्हणून न खाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात आपण हात घालायचा नाही. हाड अडकलंय असं वाटलं तरी नाही. ते काम डॉक्टरचं.

आणि हात घातलाच असेल, दात किंवा लाळ लागलीच असेल, तर काय करायचं? ती जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण आपली पंधरा मिनिटं दोन मिनिटांत संपतात. चुना, मिरची, हळद काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. जुन्या माणसांना पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आहे. त्या भीतीनं लोक चावलेलं लपवून ठेवीत. पण ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात टोचतात. ठरलेल्या दिवशी जावं लागतं, एवढंच. जखम रक्ताची असेल, तर लशीबरोबर आणखी एक औषध जखमेत टोचावं लागतं. ते डॉक्टर सांगतात.

नातवाला तसं धुवायला बसवलं आणि मग आरोग्य केंद्रात पाठवलं. इकडे आजींनी कमरेच्या पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. मोत्याला वर्षाच्या आत रेबीजची लस टोचलेली होती. मोत्या पाणीही पीत होता, आजींना ओळखत होता. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तरी ते म्हणाले, "दहा दिवस याच्यावर नजर ठेवा. पोराची एकही सुई चुकवू नका."

मग त्यांनी मोत्याच्या तोंडाला पट्टी बांधून त्याला तपासलं. ओठ उचलून हिरड्या दाखवल्या. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. मोत्याची पांढरी पडली होती. कानात आणि पायाच्या बोटांमध्ये गोचीड चिकटलेले होते. कुत्र्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा थोडी जास्त, १०१ ते १०२.५ अंशांपर्यंत असते. मोत्याला १०४ च्या वर ताप होता. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहिला. गोचिडांमुळे येणारा ताप निघाला. हा ताप रक्त कमी करतो.

आता आजींच्या झणझणीत कालवणाकडे वळू. आपला नगर जिल्हा कांद्याचा. (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. आमच्या तोंडी मात्र अजून नगर बसलेलं आहे.) कांद्यावाचून आपल्याकडे कालवण होत नाही. पण कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून कुटलेला असो, सगळा सारखाच. लसूणही त्याच जातीचा. ज्याचं रक्त आधीच आटलंय, त्याला कांद्याचं कालवण म्हणजे दुखण्यावर दुखणं. मोत्यानं तोंड फिरवलं हे त्याचं नशीबच म्हणायचं. डोकेदुखीच्या आणि तापाच्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या होऊ शकतात. त्याचं यकृत आणि मूत्रपिंड बिघडतं. द्राक्षं आणि मनुकाही देऊ नयेत. शिजवलेलं हाड तर नकोच. ते सुरीसारखं फुटतं.

कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. गोष्ट गोड आहे. पण आजारी कुत्र्याला तूप, तेल, साय पचत नाही. भाकरी कोरडी खाऊ नये एवढा कळवळा घ्यावा, तुपाची वाटी ठेवून द्यावी.

मग द्यायचं काय? कुत्रं आधी नाकानं जेवतं. ताप असला, नाक चोंदलेलं असलं, तर त्याला वास येत नाही. वास नाही तर भूक नाही. म्हणून आधी कोमट पाण्यात फडकं भिजवून नाक पुसावं. अन्नही कोमट करावं, कारण गार अन्नाला वास सुटत नाही. तान्ह्या बाळाचं दूध आपण मनगटावर थेंब टाकून पाहतो, तसंच पाहावं. चटका बसता कामा नये.

कोंबडीचा तुकडा कातडं आणि चरबी काढून नुसत्या पाण्यात उकडावा. मीठ नाही, मसाला नाही. हाडं वेचून मांस बोटांनी बारीक करावं. त्यात मऊ, गरगट शिजलेला भात कालवावा. वर त्याच मांसाचं कोमट पाणी घालावं. मांस न खाणाऱ्या घरात अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून द्यावं. तेही नसेल तर भाताची मऊ पेज आणि थोडं ताजं दही चालतं. दुधानं बऱ्याच कुत्र्यांना हगवण लागते. आपण मात्र दूध म्हणजे औषध समजून तेच पुढे करतो.

देण्याचीही एक रीत आहे. भरलेली थाळी पुढे ठेवू नये. दोन-तीन चमचेच ठेवावं. जागा शांत असावी. दुसरं कुत्रं, कोंबड्या, पोरं आजूबाजूला नकोत. ज्याच्यावर त्याचा जीव आहे त्यानं जवळ बसावं आणि दुसरीकडे पाहावं. टक लावून पाहिलं की कुत्रं लाजतं. हे आजींचं म्हणणं. आमचा अनुभवही तसाच आहे. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही, तर थाळी उचलावी. दोन-तीन तासांनी ताजं घेऊन यावं. दिवसभर तेच शिळं अन्न नाकापुढे राहिलं, तर त्याची शिसारी बसते.

कुत्रं ओठ चाटतंय, लाळ गिळतंय, मान वळवतंय, तर त्याला मळमळतंय असं समजावं. तेव्हा आग्रह करू नये. मळमळीत भरवलेल्या अन्नाचा त्याला पुढेही वीट येतो. ओकारी थांबायचं औषध डॉक्टर देतात. गोळीचंही तेच. कडू गोळी त्याच्या आवडत्या भातात मिसळली, की ते भातही सोडतं. गोळीचा घास वेगळा, जेवणाचा वेगळा.

जबरदस्ती कधीच करू नये, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेच्या खोलीवर आम्ही एक कुत्रं पाळलं होतं. ते आजारी पडलं. आम्ही त्याची मान वर धरली आणि चमच्यानं दूध ओतत गेलो. दूध नाकातून बाहेर आलं. आम्हांला वाटलं, थोडं तरी पोटात गेलं. ते पोटात नाही, फुप्फुसात गेलं होतं. तिसऱ्या दिवशी कुत्रं धापा टाकत मेलं. पोरांना स्वच्छतेचे आणि आरोग्याचे धडे देणारे आम्ही, पण एवढं आम्हांला ठाऊक नव्हतं. ते कुत्रं आजाराने गेलं असतं की वाचलं असतं, कोण जाणे. आमच्या चमच्यानं गेलं एवढं खरं.

अन्नापेक्षा पाण्याची काळजी मोठी. मोठं कुत्रं दोन दिवस अन्नावाचून तग धरतं, पण पाण्यावाचून लवकर ढासळतं. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडावी. चटकन खाली बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली, तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. मग घरी बसून चालत नाही, सलाइन लावावं लागतं. एरवीही एक दिवस वाट पाहावी, दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा. पिल्लू असेल, रक्ताची हगवण असेल, पोट फुगलं असेल, तर तो एक दिवसही थांबू नये. दवाखाना लांब असेल तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करून विचारता येतं.

फार म्हातारं झालेलं कुत्रं मात्र कधी कधी आपणहून अन्न सोडतं. डॉक्टरांनीच आता उपाय नाही म्हटलं, तर त्याच्या मागे घास घेऊन लागू नये. सावली द्यावी, ओठ ओले करावेत, जवळ बसावं.

मोत्या म्हातारा नव्हता. पाच वर्षांचा होता. औषध सुरू झालं. घरी आल्यावर आजींनी सांगितल्याप्रमाणे कोंबडी उकडली. पहिल्या दिवशी मोत्यानं हुंगलं आणि पुन्हा डोकं पायांवर टेकलं. आजी रागावल्या. "मिठाचा खडा बी नाही, कोण खाईल?" आम्ही म्हटलं, "आजी, जीभ तुमची नाही, त्याची आहे." दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागला. डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली होती. मांसाचं कोमट पाणी चमच्यानं त्याच्या पुढच्या पायावर थोडं सांडायचं आणि दूर व्हायचं. आजींनी तसं केलं आणि पाठ फिरवून तांदूळ निवडत बसल्या. बऱ्याच वेळानं मोत्यानं पाय चाटला. मग थाळीतलं पाणी चाटलं. भात तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यानं दोन चमचे भात खाल्ला. त्यानंतर दिवसातून पाच वेळा थोडं थोडं देत गेलो. आठवड्यानं भाकरीचा चुरा कालवायला लागलो. दहाव्या दिवशी तो आम्हांला पाहून भुंकला. नातवानं मात्र ठरल्या दिवशी सगळ्या सुया घेतल्या. शेवटच्या दिवशी त्याला तालुक्याला आम्हीच घेऊन गेलो, कारण त्या दिवशी बाजार होता आणि घरात कुणाला सवड नव्हती.

मोत्याचं अंग भरायला दिवाळी उजाडली. आजींनी बिऱ्हाड घोड्यावर लादलं, तेव्हा तो मेंढरांच्या मागे नीट चालत होता. पिशवीत लशीच्या कागदाबरोबर गोचिडांच्या औषधाची बाटलीही होती.