लिहितेस ना? मग सांभाळही!

अगं, धामणगाव बढेसारख्या गावात राहून तू स्वतःचा ब्लॉग काढायचं ठरवलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. ‘तुझं कोण वाचणार?’ असं विचारणारे भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. मला काळजी वेगळीच आहे. ब्लॉग सुरू करायला एक दुपार पुरते, पण तो पाच-दहा वर्षं जिवंत ठेवायचा म्हणजे रोजच्या झाडलोटीसारखं काम आहे. त्याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आपल्याच जिल्ह्यातलं बघ. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून काढलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नावाने बोटं मोडली जात होती, त्याला दिलेलं ते सडेतोड उत्तर. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, तरीही पुस्तक विसरलं गेलं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे आजच्या वाचकांना ताराबाई भेटल्या. मधली नव्वदेक वर्षं गेली ती गेलीच. तेव्हा चांगलं लिहिलं की आपोआप टिकतं, या भ्रमात राहू नकोस. टिकवणारं कोणीतरी लागतं, आणि तुझ्या लिखाणापुरती ती व्यक्ती तूच.

व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस चोवीस तासांत जातं. ऑर्कुट या संकेतस्थळावर तर लोकांनी काय काय लिहून ठेवलं होतं. 2014 मध्ये ते बंदच झालं. फुकटची जागा वापरायला हरकत नाही. तू ब्लॉगरवर किंवा वर्डप्रेसवर खुशाल सुरुवात कर. पण ती जागा दुसऱ्याची आहे हे लक्षात ठेव आणि महिन्यातून एकदा सगळ्या लिखाणाची प्रत उतरवून घे. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये खाली ‘बॅकअप कंटेंट’ आहे, तिथून एक फाइल मिळते. त्या फाइलमध्ये मजकूर येतो, फोटो येतीलच असं धरू नकोस. ते वेगळे जपायचे. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेव आणि एक माझ्याकडे पाठव. आणि ज्या गुगल खात्यावर ब्लॉग आहे ते उघडत राहा. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरण गुगलने 2023 पासून अमलात आणलंय.

पुढे स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन घ्यावंसं वाटेल. घे, पण ते तुझ्याच नावावर, तुझ्याच ईमेलवर आणि तुझ्याच मोबाइल नंबरवर. ‘मी करून देतो ताई’ म्हणणारा ओळखीतला मुलगा मनाने कितीही चांगला असो, उद्या तो नोकरीसाठी पुण्याला गेला की ओटीपी त्याच्या फोनवर जाणार आणि तू इथे बसून राहणार. घेताना नूतनीकरणाचा दरही विचार. पहिल्या वर्षीचा स्वस्त भाव पुढे राहतोच असं नाही. मुदत चुकली तर तो पत्ता दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि मग तुझ्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती दिसतात. पासवर्ड आणि खात्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून आईच्या पेटीत ठेव. हसू नकोस, फोन हरवला की तीच पेटी कामाला येते.

आता लिहिण्याबद्दल. टाइप युनिकोडमध्येच कर. डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवलास तर वाचणाऱ्याला नुसतं अगम्य काहीतरी दिसतं, आणि शोधणाऱ्याला तो सापडतही नाही. आणखी एक बारीक गोष्ट: मराठी मथळा दिला की ब्लॉगर लेखाच्या पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ असं टाकतं. प्रसिद्ध करण्याआधीच ‘कस्टम पर्मालिंक’मध्ये रोमन अक्षरांत विषय लिही आणि एकदा दिलेला पत्ता पुन्हा बदलू नकोस. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो लहान करून टाक. शेताच्या बांधावर, कमी रेंजमध्ये वाचणारीलाही तो उघडला पाहिजे.

रोज लिहीन अशी शपथ घेऊ नकोस. मृगाच्या पेरणीत, कापूस वेचणीत तुला उसंत मिळणार नाही, हे मला माहीत आहे. महिन्यातून एकच लिही, पण चुकवू नकोस. आणि मुंबई-पुण्याची पोरं लिहितात ते पुन्हा लिहून काय मिळवशील? आखाजीला घरात काय काय होतं, पऱ्हाटीत दिवसभर वाकलेल्या बायका आपसांत काय बोलतात, कळण्याच्या भाकरीचं पीठ कसं जमतं, नळगंगेच्या धरणाबद्दल म्हातारी माणसं काय सांगतात, हे तूच लिहू शकतेस. आपल्या बोलीतले शब्द तसेच येऊ देत, ‘शुद्ध’ करायला जाऊ नकोस.

पण जरा जपून. आपल्या गावात नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो. शेजारच्या घरातलं भांडण, कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न, यावर लेख चांगला होईल, पण तुला त्याच गल्लीत राहायचंय. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नको. शेगावला जाणार असलीस तर परत आल्यावर लिही. घराला कुलूप आहे हे जगाला कशाला सांगायचं? कोणी वाईट बोललं तर उत्तर द्यायलाच हवं असं नाही, आणि प्रतिक्रिया आधी तू वाचून मगच इतरांना दिसतील अशी सोय करून ठेव.

कोणी तुझा लेख नाव काढून पुढे पाठवला तर गप्प बसू नकोस. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलेलं लिहिणारीचं असतं, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि हा हक्क तिच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षं राहतो. हाच नियम तुलाही आहे बरं. गुगलवर सापडलेला फोटो उचलायचा नाही, आपला आपण काढायचा.

वाचकांचा आकडा रोज बघत बसशील तर दोन महिन्यांत कंटाळशील. पहिलं वर्ष तो आकडा उघडूच नकोस. या रविवारी वेचणीच्या बायकांवर पहिला लेख लिही, आणि त्याची प्रत काढून झाल्याशिवाय जागेवरून उठू नकोस.